पुलाच्या अलीकडचे बार

“तिलाच उभी करा. बारवाल्याची पोरगी बोलली म्हणजे लोकाईला पटतंय.”

हे गुरुजी म्हणाले. मी आत शेगडीपाशी चहा गाळत होते. आमच्या हॉटेलात आत आणि बाहेर यांच्यामध्ये फक्त एक पत्रा आहे. बाकड्यावरचं सगळं बोलणं आत ऐकू येतं, आणि बसणाऱ्यांच्या ते कधीच लक्षात राहत नाही.

“ती? ती तं तोंडच उघडत न्हाई,” समोरच्या काकू म्हणाल्या. “लहानपणी पोरं तिला उभी बाटली म्हणायची, ते काय उगंच?”

“न उघडू द्या. मी लिहून देतो. वाचायचंच तं हाय.”

“इंग्रजी शाळेत शिकेल हाय ती. मराठी वाचता येतंय का तिला?”

“येतंय. चांगलं येतंय.”

“तुम्हाला काय ठाऊक?”

दुसरा चहा अजून आला नव्हता, तरी गुरुजींनी मघाचा रिकामा कप उचलून ओठाला लावला असावा, कारण बशीवर कप टेकल्याचा आवाज आला. मला हसू आलं. मराठी वाचायला मला कुणी शिकवलं हे आमच्या घराबाहेर या गावात एकाच माणसाला माहीत आहे, आणि ते म्हणजे गुरुजी.

मी चहा बाहेर नेला. मग गुरुजींनी आपला कार्यक्रमाचा आवाज काढला. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊनही त्यांनी तो आवाज शाळेला परत दिलेला नाही. गावात दारूबंदी झाली, बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, त्याचा वर्धापन दिन रविवारी सकाळी शाळेच्या मैदानात होता. लातूरहून मी सुट्टीवर आलेच होते, तर दोन शब्द बोलावेत, अशी समितीची इच्छा होती. समिती म्हणजे समोर बसलेले ते दोघं.

“बघते,” मी म्हणाले.

माझ्या तोंडी ‘बघते’ याचा अर्थ ‘नाही’ असा असतो. लातूरच्या क्लासमध्ये, जिथं मी मुलांसाठी इंग्रजीच्या नोट्स तयार करते, तिथं हे आता सगळ्यांना कळलंय. गावात कुणाला कळत नाही. गुरुजींनी तो होकार धरला.

आमचं गाव म्हणजे मुळात एक फाटा. हदगाव सोडलं की रस्ता उत्तरेला जातो आणि पैनगंगेच्या पुलावर मराठवाडा संपतो. पलीकडं विदर्भ. माझे आजोबा मात्र शेवटपर्यंत अलीकडं मोगलाई आणि पलीकडं वऱ्हाड असंच म्हणायचे, जणू दोन राज्यांमधला नाका अजून उठलाच नव्हता. त्यांच्या तरुणपणी इथं शिंदीखाने होते. नाल्याच्या कडेनं शिंदीच्या झाडांची रांग, झाडांना लटकवलेली मडकी आणि खाली पोत्यावर बसलेली माणसं. अलीकडं आणि पलीकडं कायदा वेगळा, भाव वेगळा, शिपाईही वेगळा. इकडं त्रास झाला की नदी ओलांडायची, तिकडं झाला की परत यायचं. पुढं झाडं गेली, नाका गेला, राज्यं गेली. नदीकाठी येऊन बसायची सवय राहिली, आणि तिच्यासाठी बार आले.

मी लहान होते तेव्हा फाट्यापासून पुलापर्यंत बारच बार होते. पाट्यांवर फुलांची आणि देवींची नावं रंगवलेली असायची. ती नावं कुणी घेत नसे. लोक म्हणायचे लिंबाखालचा, मास्तरचा, पुलाचा, पत्र्याचा.

लिंबाखालच्या बारचं छत लिंबाच्या झाडाभोवती बांधलेलं होतं. मधोमध खोड, आणि त्याच्यासाठी छताला भोक. पावसाळ्यात खोडावरून पाणी सरळ आत यायचं. गिऱ्हाइकं पाय उचलून खुर्चीच्या दांडीवर ठेवायची आणि बोलणं पुढं चालू. रस्ता रुंद झाला तेव्हा लिंब तोडला. मालकाला मागं सरकून बार पुन्हा बांधता आला असता, जागा होती. पण तो म्हणाला, लिंबाखालचा लिंबाशिवाय कुठं मांडू? आता तिथं दुभाजक आहे, दुभाजकात कण्हेर आहे.

मास्तरच्या बारचा मालक खरोखरच मास्तर होता, नोकरी सोडून आलेला. त्याच्याकडं ‘एक क्वार्टर दे’ म्हटलं तर मिळत नसे. “दे नाही, द्या,” असं तो म्हणायचा आणि हात बांधून उभा राहायचा. ट्रकवाले, ऊसतोडीला निघालेले, बाजारातून परतणारे, सगळे ‘द्या’ म्हणायला शिकले. बाबा सांगायचे की मास्तरच्या बारमध्ये माणूस जेवढा पिईल तेवढा अदबीनं बोलायचा. मास्तर वारला, मुलं पुण्याला गेली. आता तिथं खतं आणि फवारणीची औषधं मिळतात.

पुलाचा बार शेवटचा. त्याच्या दारात एक उभी पाटी होती. आमच्या बाजूनं ‘शेवटचा बार’ लिहिलेलं, विदर्भाच्या बाजूनं ‘पहिला बार’. एकाच पत्र्याच्या दोन बाजू. मला ती पाटी जगातली सगळ्यात हुशार पाटी वाटायची. नवा पूल वरच्या अंगाला झाला, रस्ता तिकडं वळला आणि तो बार कुणाचाच पहिला वा शेवटचा राहिला नाही. भिंती अजून उभ्या आहेत. आत शेळ्या असतात.

आणि पत्र्याचा बार आमचा. पुढं स्लॅब पडला, फरशी आली, तरी लोक पत्र्याचाच म्हणत राहिले.

गावाची माहिती सांगणारा एक फलक ग्रामपंचायतीसमोर आहे. शाळा, पाण्याची टाकी, विहार, मारुतीचं देऊळ, दर्गा, सगळं आहे त्याच्यावर. एवढी वर्षं एवढी माणसं ज्या रस्त्यावर थांबली, त्यातलं काहीच नाही. मला दारूचं प्रेम नाही. तो वास अजूनही आला की माझी मान आपोआप दुसरीकडं वळते. पण होतं ते नव्हतंच असं कुणी म्हणायला लागलं की मला राग येतो. हा राग दिसत नाही. माझं काहीच दिसत नाही, असं मला लातूरची माझी खोलीतली मैत्रीण सांगते.

आमच्या बारला फॅमिली रूम होती. बाहेर बाण काढलेला, ‘फॅमिली रूम’ असं लिहिलेलं. आत एक टेबल, चार खुर्च्या आणि दाराला मण्यांचा पडदा. या फाट्यावर बायकामुलांना घेऊन बारमध्ये कोण येणार? त्यामुळं तिथं बसणारी फॅमिली एकच होती, आमची. शाळेची गाडी मला दुपारी सोडायची आणि मी त्या टेबलावर अभ्यास करायचे. दिवे लागायच्या आत आई मला मागच्या घरात न्यायची. बार मी फक्त दिवसाउजेडी पाहिला. टेबलांवर उलट्या ठेवलेल्या खुर्च्या, ओली फरशी, फिनेलचा वास. बाबा लिंबाची साल घेऊन ग्लास घासायचे आणि उजेडाकडं धरून बघायचे. आई मागं चकण्याचे शेंगदाणे भाजायची. आमच्या घरातल्या प्रत्येक वहीला त्या शेंगदाण्यांच्या मिठाचा हात लागलेला असायचा.

दुपारी कुणी येत नसे. एक माणूस सोडून.

गुरुजी मागच्या दारानं यायचे. शाळा सुटल्यावर, छत्री काखेत धरून, ऊन असो पाऊस असो. पुढं बसले तर दिसतील, म्हणून फॅमिली रूममध्ये बसायचे. बाबा त्यांना ग्लास देत नसत, चहाचा कप द्यायचे, बशीसकट. गुरुजी बशीत ओतूनसुद्धा प्यायचे, म्हणजे बघणाऱ्याला खात्रीच पटावी. मी टेबलाच्या एका बाजूला, ते दुसऱ्या.

“काय करून राहिली पोरी?”

“होमवर्क.”

“मराठीचं पुस्तक काढ. तुमच्या त्या शाळेत बाराखडी तरी शिकवतेत का?”

मग ते मला वाचायला लावायचे. अडखळले की टेबलावर टिचकी. जोडाक्षरं मी त्या टिचक्यांवर शिकले. उठताना ते दरवेळी एकच वाक्य म्हणायचे, “मी इथं नव्हतो बरं का.” मी मान हलवायचे. मी ते कधीच कुणाला सांगितलं नाही. मला कुणी काही सांगू नको म्हटलं की मी फार विश्वासू ठरते.

त्याच गुरुजींच्या घरी आई मला घेऊन गेली होती, माझा पहिला नंबर आला म्हणून पेढे द्यायला. पेढे ओट्यावर ठेवून घेतले. मला तहान लागली होती. गुरुजींच्या घरातल्या बाईंनी तांब्या आणला आणि माझ्या ओंजळीत वरून पाणी ओतलं. तांब्याला माझा हात लागू नये एवढ्या उंचीवरून. गुरुजी आत होते. खोकल्याचा आवाज आला, ते बाहेर आले नाहीत. आम्ही बौद्ध आहोत आणि गावातल्या काही ओट्यांवर तेव्हा हे असंच चालायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी गुरुजी नेहमीसारखे मागच्या दारानं आले, आणि बाबांनी कपात बर्फ टाकला. चिमटा सापडत नव्हता. बोटांनी टाकला. गुरुजी प्यायले.

मी पडद्याच्या मण्यांकडं बघत होते. तेव्हा मला जे कळलं त्याला माझ्याकडं कुठल्याच भाषेत शब्द नव्हते. आता आहेत. आमच्या घरचं पाणी न पिणारी माणसं आमच्या बारचा बर्फ चघळत होती. पुढच्या हॉलमध्ये तर वाडीतले, वस्तीतले, गढीतले सगळे एकाच बशीतले शेंगदाणे उचलायचे. मी हे काही बारचं मोठेपण म्हणून सांगत नाही. सकाळी उतरली की सगळं पुन्हा जिथल्या तिथं. पण एका टेबलावर ते व्हायचं, आणि ते टेबल माझ्या बाबांनी मांडलेलं होतं.

बाबा स्वतः पीत नव्हते. विहारात आम्ही रविवारी जायचो. पंचशील म्हणताना बाबांचा आवाज सगळ्यांत मोठा. चार शीलं खणखणीत. पाचवं आलं, मद्यापासून दूर राहण्याचं, की बाबांना खोकला यायचा. दर रविवारी. तेवढंच शील संपेपर्यंत टिकणारा खोकला. वस्तीतले एक म्हातारे आजोबा पुढं बसून मागं न बघता म्हणायचे, “आला का रे बाप्पा तुझा पाचवा?” आणि सगळी बाया-माणसं हसायची. बाबाही हसायचे. घरी आल्यावर मात्र आईला म्हणायचे, “मी थेंब घेत न्हाई. माझं शील शाबूत हाय. दुसऱ्याचं मी कुठवर राखू?” आई म्हणायची, “मंग खोकता कशाला?”

आईचा शब्द ‘हॉटेल’ होता. हदगावच्या इंग्रजी शाळेत प्रवेशाच्या वेळी वडिलांचा व्यवसाय विचारला तेव्हा बाबांनी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, “हॉटेल.” तेव्हापासून आमचं हॉटेल होतं. पुढं वर्गात ‘माय फादर’ या विषयावर दहा ओळी लिहायच्या होत्या. त्याच आठवड्यात एका गोष्टीच्या पुस्तकात मला एक चित्र सापडलं होतं. दोन झुलत्या फळ्यांचं दार, बाहेर बांधलेला घोडा, आत ग्लास घेऊन बसलेली माणसं. खाली शब्द होता, सलून. मला काय आनंद झाला! हुबेहूब आमचंच. घोड्याच्या जागी मोटरसायकली, एवढाच फरक. म्हणजे बाबांच्या धंद्याला इंग्रजीत चांगला, छापलेला शब्द होता. मी मोठ्यानं वाचलं, “माय फादर हॅज अ सलून.”

बाई थांबल्या. इंग्रजी शाळेत मराठी बोलायला बंदी होती, पण त्या मराठीत म्हणाल्या, “म्हणजे कटिंगचं दुकान?”

वर्ग हसला. कटिंगचं दुकान असतं तरी त्यात हसण्यासारखं काय होतं, हे मला अजून कळलेलं नाही. मागच्या बाकावरून आमच्याच भागातला एकजण ओरडला, “न्हाई टीचर, तिच्या बापाचं बाटलीचं दुकान हाय!” मग तर छतच उडालं. बाईंनी माझी वही घेतली, लाल शाईनं ‘सलून’ खोडलं आणि वर ‘हॉटेल’ लिहिलं. मी उभीच होते. बस म्हणायला त्या विसरल्या. तास संपेपर्यंत मी उभी राहिले, आणि सुटीत माझं नाव ठरलेलं होतं. उभी बाटली.

त्याच सुमाराला काकू आमच्या बारच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. दुपार होती. त्यांच्या गालावर वळ होता आणि त्यांनी पदर मुद्दाम बाजूला केलेला होता.

“दादा, त्याला देऊ नका.”

बाबांच्या हातात ग्लास होता. तो त्यांनी खाली ठेवला. “न्हाई देणार, काकू.”

आणि खरंच दिली नाही. तर काकूंचा नवरा पुलाच्या बारला जायला लागला. तिथून बंद केलं तर नदीपलीकडं. काकू पुन्हा आल्या. “एका दारानं भागत न्हाई. सगळीच दारं लावावी लागतेत. तुमचं पण.”

“लावा,” बाबा म्हणाले. “मी आडवा येणार न्हाई.”

काकू दारोदार फिरल्या. शेवटी शाळेत मतदान झालं, फक्त बायकांचं. कागदावर दोन चित्रं. बाटली उभी, म्हणजे दुकान राहू द्या. बाटली आडवी, म्हणजे बंद करा. आम्ही पोरं कुंपणाबाहेर होतो आणि आत जाणाऱ्या प्रत्येक बाईला विचारत होतो, “उभी का आडवी? उभी का आडवी?” म्हणजे ती पोरं विचारत होती. मी नाही. आई आली तेव्हा पोरं माझ्याकडं बघून ओरडली, “हिची मम्मी तं उभीच मारणार!” आई सरळ आत गेली, सरळ बाहेर आली.

बाटली आडवी झाली. बाबांनी स्वतः शिडी लावून पाटी उतरवली. काही महिने ती मागच्या भिंतीला टेकून उभी होती, मग बाबांनी ती उलटी करून रंगवली. चहा, भजी, मिसळ. आईनं इतकी वर्षं सांगितलेला शब्द शेवटी खरा झाला. पहिल्या दिवशी पहिला चहा काकूंनी घेतला. आजही घेतात. साखर कमी म्हणून रोज भांडतात.

तर गुरुजींनी भाषण लिहून पाठवलं. शनिवारी सकाळी. सुंदर अक्षर, शिरोरेषा पट्टीनं ओढल्यासारखी. मी हॉटेलातल्या बाकड्यावर बसून वाचलं. ‘मी अंधारात वाढले. माझ्या वडिलांच्या बारमुळे मला शाळेत मान खाली घालावी लागली. त्या नरकातून गावाची सुटका झाली. आज माझ्या वडिलांचे मनपरिवर्तन झाले आहे आणि ते तुम्हा सर्वांसमोर हात जोडत आहेत.’ इथं कंसात लिहिलं होतं, ‘वडील उठून हात जोडतील. हार.’

मी ते बाबांना वाचून दाखवलं. ते भज्यांचं पीठ भिजवत होते.

“बाबा, तुम्ही उठून हात जोडणार?”

“जोडतो की. काय झिजून राहिलंय त्याच्यात?”

“तुमचं मनपरिवर्तन झालंय का?”

“माझं मन काय पंचायतीच्या नळावाणी हाय का, कुणी फिरवलं की फिरलं?” ते हसले. मग पीठ ढवळत राहिले. “बोल तू. भाषण हाय ते. लोकाईला एक बारवाला पाहिजे असतो समोर. दुसरा कोण राहिलाय सांग? मास्तर वारला, लिंबाखालचा हैदराबादेला पोराकडं, पुलाचा नदीपलीकडं गेला. मीच उरलो.”

त्यांनी हे सहज म्हटलं. मला ते सहज ऐकता आलं नाही. सगळ्या रस्त्याचे, सगळ्या शिंदीखान्यांचे, त्या पाटीच्या दोन्ही बाजूंचे हात एकट्या बाबांनी जोडायचे होते.

आईचं वेगळंच होतं. “बोल, पण माइकवर ते बार-बिर म्हणू नको. हॉटेल म्हण. उद्या सोयरीक जुळवायची हाय.”

“आई, हॉटेल म्हटलं तर कशाची बंदी झाली म्हणायचं? भज्यांची?”

बाबा मोठ्यानं हसले. आई चिडली. “हसा. मी तं आडवीवरच मारला शिक्का.”

मी बाबांकडं पाहिलं. एवढ्या वर्षांत हे या घरात कुणी बोललं नव्हतं.

“ठाऊक हाय मला,” बाबा म्हणाले.

“कसं ठाऊक?”

“उभीवर मारून आली असती तं भांडली असती माझ्याशी. तू त्या दिवशी गोड बोलली.”

आई कढईत बघत म्हणाली, “मला संध्याकाळ पाहिजे होती. लगीन झाल्यापासून एक संध्याकाळ नवऱ्यासंगं जेवले नव्हते. त्याच्यात तुमच्या धंद्याला नावं ठेवायचं काय? पोरीची फीस त्याच धंद्यानं भरली. मला फक्त संध्याकाळ पाहिजे होती.”

मग तिनं भजी सोडायला घेतली आणि तो विषय संपला.

रविवारी मैदानात मांडव होता. बायका पुढं, सतरंजीवर. पुरुष मागं, आणि त्यांच्यातले निम्मे कुठल्या बारमध्ये कुठल्या खुर्चीवर बसायचे हे मला सांगता आलं असतं. बाबा पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. त्यांच्या शेजारी टिपॉयवर ताटात हार. आई काकूंच्या शेजारी. आधी काकू बोलल्या, आणि त्यांनी आमच्या दारात उभ्या राहिल्याचं, गालावरच्या वळाचं सगळं सांगितलं. मी टाळ्या वाजवल्या. मनापासून. तो दिवस त्यांचा होता आणि तो त्यांनी कमावलेला होता.

मग गुरुजींनी माइक घेतला. “आता आपल्यापुढे येत आहे एकेकाळच्या मद्यविक्रेत्याची उच्चशिक्षित कन्या.” मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, “उभी बाटली आली रे.” आता चिडवणाऱ्यांची पोरंसुद्धा शाळेत जातात, तरी.

मी माइकसमोर उभी राहिले. कागद हातात. पहिली ओळ दिसत होती. मी अंधारात वाढले. मला फॅमिली रूमच्या खिडकीतलं ऊन आठवलं, ग्लास उजेडाकडं धरणारे बाबा आठवले. मी तीच ओळ पुन्हा वाचली, मनातच. मांडवात चुळबूळ झाली. गुरुजींना वाटलं मी घाबरले. घाबरले होतेच. ते पुढं झुकून हळूच म्हणाले, “वाच पोरी. अडू नको.” आणि त्यांच्या बोटानं खुर्चीच्या हातावर टिचकी मारली.

तीच टिचकी. मी त्यांच्याकडं पाहिलं. एक वाक्य म्हटलं असतं तर पुरलं असतं. कप, बशी, मागचं दार. त्यांनाही ते एकदम आठवलं असावं, कारण त्यांची टिचकी अर्ध्यात थांबली आणि त्यांनी नजर खाली घातली. मी ते वाक्य म्हणणार नव्हते. त्यांनी मला जोडाक्षरं शिकवली होती. आणि एकाला उघडं करून बाकीच्यांनी सुटायचं, हे तर त्या कागदातच चाललं होतं.

मला वेळ लागतोय असं बघून एका कार्यकर्त्यानं बाबांना खूण केली. आधी हार उरकून घेऊ. बाबा उठले. मांडवाकडं वळले. त्यांनी हात वर आणले, तळवे जवळ येऊ लागले, आणि त्यांना खोकला आला.

तो खोकला मी ओळखते. पाचव्या शीलाचा. पुढं बसलेल्या वस्तीतल्या बायकांनीही ओळखला, पण या वेळी कुणी हसलं नाही. बाबा खोकत होते आणि हात जोडायचा प्रयत्न करत होते. आईनं पदर तोंडाशी नेला. काकू माझ्याकडं बघत म्हणाल्या, “बोल ना बाई.”

मी कागदाची घडी केली आणि माइक दोन्ही हातांनी धरला. आवाज निघाला तो मला अनोळखी वाटला. लातूरचा नव्हता, शाळेचा नव्हता. त्या पत्र्याच्या आतून रोज ऐकलेला होता.

“माझ्या बापाचा बार होता. हॉटेल न्हाई, सलून न्हाई, बार. पत्र्याचा बार. काकूंनी तो बंद केला, लई चांगलं केलं. पण चालवला म्हणून माझा बाप कुणापुढं हात जोडणार न्हाई. बाबा, हात खाली घ्या. बसा तुम्ही.”